उसवून शिवलेली पुस्तकं

पुण्यातल्या एका ओळखीच्या बाईंनी परवा फोनवरच्या गटात विचारलं, "मुलाला शाळेतून काढतोय, घरीच शिकवणार आहोत. पहिली ते चौथीसाठी कोणता अभ्यासक्रम चांगला?" दुपारपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. कुणी परदेशी अभ्यासक्रमाचं नाव दिलं. कुणी खेळण्यांसकट घरपोच येणारा खोका सुचवला. एकानं लिहिलं, मूल निसर्गात सोडा, ते आपोआप शिकतं. सगळी माणसं सज्जन होती. ज्यांना शाळेनं कधी दुखावलं नाही अशा माणसांचा सज्जनपणा त्यात होता.  मला कुसुमताई आठवत राहिली.

हाच प्रश्न तिलाही पडला होता. पण तो विचारायला तिच्याकडं गट नव्हता. शिलाई मशीन होतं आणि कात्री होती.

ताई आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. सेनगावहून जीपनं आत आलं की गावाच्या टोकाला विहार आहे, त्याच्या मागच्या गल्लीत. उंच, काटकुळी बाई. गळ्यात कायम मोजपट्टी. काम करताना टाचण्या ओठात धरायची, त्यामुळे तिचं बोलणं तोंडाच्या एका कडेनं यायचं आणि नवख्या माणसाला वाटायचं बाई चेष्टा करते आहे. खरा राग आला की ती ओठातली एकेक टाचणी काढून पदराला खोचायची. सगळ्या टाचण्या काढून होईपर्यंत समोरच्याला पळून जायला वेळ मिळायचा. गल्लीतली पोरं त्या टाचण्यांवर नजर ठेवून असायची.

पण ती मूळची शिंपीण नव्हती. मास्तरीण होती. एका विनाअनुदानित शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायची. विनाअनुदानित म्हणजे काय हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते: वर्षानुवर्षं फुकट शिकवायचं, सरकारचं अनुदान आलं की पगार सुरू होईल या आशेवर. ताईनं तारुण्य त्या आशेवर काढलं. पोट भरायला संध्याकाळी ब्लाउज शिवले. आणि अनुदान खरोखरच आलं तेव्हा मंजूर नावांत तिचं नाव नव्हतं. तिच्या जागी संस्थेच्या सचिवांच्या सुनेचं नाव होतं. सून त्या शाळेत हळदीकुंकवाला तेवढी आली होती.

हे सांगताना ताई कधी रडली नाही. एवढंच म्हणायची, "माप माझं घेतलं अन् कपडा तिला शिवला."

तिचा नवरा प्रकाश हिंगोलीच्या रस्त्यावर जीप चालवायचा. मवाळ माणूस. बायकोला चारचौघांत 'आमच्या मॅडम' म्हणायचा आणि त्यात टोमणा नसायचा. त्यांना एकच मुलगी, सुजाता. ती सहा वर्षांची झाली आणि ताईनं तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातली. गणवेश स्वतः शिवला, कॉलरला दुहेरी टाका घालून.

पहिल्याच पावसाळ्यात ती गोष्ट घडली. शाळेत पाहुणे येणार होते. सुजाता घरी आली तेव्हा नव्या गणवेशाच्या पुढच्या भागावर मातीचा थर होता.

"काय करत व्हतीस वं?"

"झाडलं. आमी चौघी-पाचजणींनी मैदान झाडलं."

"अन् बाकीच्या?"

"त्या स्वागतगीत म्हनत होत्या."

ताईनं त्या चौघी-पाचजणींची नावं विचारली. सगळ्या आमच्याच गल्लीतल्या होत्या.

ती तशीच गुरुजींकडं गेली. मी सोबत होते. गुरुजी काही दुष्ट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, तसं मनात आनू नका. जी पोरं लवकर आली त्यांना झाडायला सांगितलं. पाहुन्यांची घाई होती."

ताईनं टाचण्या काढायला सुरुवात केली. "गुरुजी, आमची पोरं रोजच लवकर येतात. मग स्वागतगीत काहून न्हाई आलं त्यांच्या वाट्याला? झाडूच बरा सापडला?"

गुरुजी कपाळ चोळत आठवू लागले. त्यांना खरंच आठवत नव्हतं की त्यांनी कसं निवडलं. मला त्यांचा तो गोंधळ अजून आठवतो, कारण लबाडाशी भांडता येतं. ज्याच्या हातून नकळत घडतं त्याच्याशी कसं भांडायचं, हे आमच्या घरच्या कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली होती. वडील मोर्च्याहून येताना गठ्ठा आणायचे, मी त्यांवर वाचायला शिकले. ताईसुद्धा ती वाचायची, आणि वाचून झाल्यावर एकदा म्हणाली होती, "ह्याच्यात 'झालंच पाहिजे' लई झालं. कोन करनार ते कुठंच न्हाई." गुरुजींकडून परतताना तिनं ठरवलं की आपणच करायचं. वाटेतच मला म्हणाली, "आता म्या अन् माझं लेकरू, कुठल्याच शाळेची पायरी चढनार न्हाई. म्या शिकवते. दुसऱ्यांची शिकवली, माझं एक जड हाय का?"

मग प्रश्न आला तो पुण्याच्या बाईंना पडलेला. शिकवायचं काय?

बातमी कशी पोचली कुणास ठाऊक, नांदेडकडचा एक विक्रेता खोका घेऊन दारात आला. बूट, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात अर्धं हिंदी. खोक्यात चकचकीत पुस्तकं, रंगीत ठोकळे, चिकटवायचे तारे. "मॅडम, पूरा साल का कोर्स आहे. आई फक्त पान उलटणार, बाकी सब आमचं."

ताईनं ठोकळ्यांकडं पाहिलंही नाही. दुसरीचं पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं. "हा धडा वाचून दावा."

"मी, मॅडम?"

"तुमीच. माझ्या पोरीला तुमी काय खाऊ घालून राहिलात ते आधी तुमी चाखा."

तो अडखळत वाचू लागला. धड्यातलं कुटुंब सुट्टीत समुद्रावर गेलं होतं. बाबा गाडी चालवत होते, आई डबा उघडत होती.

"थांबा. तुमची आई कधी समुद्रावर गेली?"

"न्हाई गेली." हिंदी गळून पडलं.

"काय करते?"

"खुरपायला जाते, दुसऱ्याच्या शेतात."

"मग तिचा धडा कुठं हाय ह्या खोक्यात?"

तो ओशाळून हसला. ताईनं त्याला चहा पाजला, प्रकाशला त्याला जीपनं सेनगावपर्यंत सोडायला लावलं, आणि खोका परत दिला. जाताना म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका भाऊ. तुमी न्हाई लिहिलं ते."

नंतर तिनं स्वतः पुस्तकं जमवली. सरकारी पुस्तकं गल्लीतल्या मोठ्या पोरांची. इंग्रजी शाळेची आणि दिल्लीच्या केंद्रीय मंडळाची मी हिंगोलीच्या रद्दीवाल्याकडून आणायचे, मी तेव्हा तिथं कॉलेजात होते. एका रविवारी तिनं अंगणात सतरंजी टाकली, सगळी पुस्तकं पसरली आणि ब्लेडनं त्यांच्या शिवणी उसवायला बसली. जुना फाटका कपडा उसवून त्यातला चांगला भाग काढतात, तसं. चांगले धडे एका बाजूला. पटले नाहीत ते कात्रीनं कापून चुलीकडं. उरलेली पानं ती मशीनवर जाड दोऱ्यानं शिवणार होती, वर खळ लावलेल्या कापडाचं वेष्टन. सुजातासाठी जगात एकच प्रत असलेलं पुस्तक.

निवडायची तिची एक पद्धत होती. संध्याकाळी प्रकाश जेवायला बसला की ती त्याला धडा वाचून दाखवायची. तो लक्ष देऊन ऐकायचा, घास थांबवून. त्याला प्रश्न पडला तर धडा राहायचा. तो "बरं हाय" म्हणाला की ताई कात्री उचलायची.

"अहो, बरं हाय म्हनलं की!" तो कळवळायचा.

"म्हनूनच. तुमाला बोचलंच न्हाई म्हनजे त्यात काई न्हाई."

गणितालाही सोडलं नाही. एका उदाहरणात रामूनं बारा डझन आंबे आणले आणि त्यातले सात खाल्ले. ताई म्हणाली, "एवढे आंबे एकटा रामू काहून खाऊन राहिला? घरात बाकी कोनी न्हाई का?" रामू गेला. 'आमचे गाव' नावाचा धडा होता, त्यात गावातले सगळे लोक गुण्यागोविंदानं राहत होते. तो तिनं वाचूनही दाखवला नाही. एका झटक्यात कापला. कात्रीचा तो कर्र आवाज मला फार आवडायचा. माझ्यासारख्या पोरीला, जिला सगळं जग कापून नीट करायचं होतं, ते दृश्य क्रांतीसारखं वाटायचं.

पण पानाला दोन बाजू असतात.

शिवायला घेतलेला गठ्ठा मी चाळत होते तेव्हा लक्षात आलं. 'आमचे गाव' गेला, त्याच्या पाठीवर आधीच्या गोष्टीचा शेवट होता. कोल्हीण आणि तिची पिल्लं पुरात अडकतात अशी गोष्ट. पूर येतो, पाणी चढतं आणि पान संपतं.

"ताई, हिचा शेवट गेला की."

तिनं गठ्ठा घेतला, उलटसुलट पाहिला. अशा पुष्कळ जागा होत्या. मराठीत, परिसरात, इतिहासात. शहाण्या बाईच्या हातून अशी चूक व्हावी याचं मला नवल वाटलं नाही. जे खोटं आहे ते कापताना त्याच्या पाठीवर काय आहे हे आमच्यापैकी कोण पाहतं? चुलीत तोवर राख झाली होती.

"म्या लिहून देते," ती म्हणाली. "कोरं पान टाकते तिथं. शेवट माझ्या मनानं लिहीन, ह्याच्यापेक्षा बरा." आणि तिनं प्रत्येक तुटक्या जागी एकेक कोरं पान घालून पुस्तकं शिवली.

पुस्तकं देखणी झाली होती. निळ्या कापडाची. प्रकाशनं जीपमधल्या प्रवाशांना दाखवली. पण मग लग्नसराई आली, ब्लाउजांचे गठ्ठे आले. त्यानंतर दिवाळी आली. नंतर पुन्हा लग्नं. घर त्या मशीनवर चालायचं, कारण मोठी बस सुरू झाल्यापासून जीपला माणसं कमी मिळत होती. कोरी पानं कोरीच राहिली.

सुजाता हुशार पोरगी. घडाघडा वाचायची. कोल्हिणीच्या गोष्टीत पाणी चढलं की ती पान उलटायची, कोऱ्या पानावर हात फिरवायची, म्हणायची "आता आईचं पान," आणि पुढच्या धड्यावर जायची. तिच्या दृष्टीनं गोष्टी तशाच असतात. पाणी चढतं, मग आईचं पान येतं. पहिल्यांदा ताई हसली. म्हणाली, "लिहिते गं, लिहिते." वर्षभरानं पोरगी तेच म्हणाली तेव्हा ताई हसली नाही, टाचण्या ओठात तशाच ठेवून मशीनचं चाक फिरवत राहिली.

अशी काही वर्षं गेली. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीला गुरुजी आले, सोबत दुसऱ्या गावच्या शाळेतल्या बाई. ताईनं त्यांना खुर्च्या दिल्या. सुजातानं पाठ असलेले उतारे त्यांना म्हणून दाखवले. गुरुजींना कौतुक वाटलं, पण ते उठेनात.

"मॅडम, पोरगी सरस हाय. खोटं कशाला बोलू. कायद्यानं तिला वयाच्या वर्गात बसवता येतं, कागदाची अडचन न्हाई."

"मग कशाची हाय?"

"ती आता कोनाशी खेळते?"

ताईनं एक टाचणी काढली. पदराला खोचली. दुसरीला हात घातला आणि तो तसाच राहिला. त्या दिवशी गुरुजींना पळून जावं लागलं नाही.

खेळायचं तरी कुणाशी, गल्लीतल्या पोरी दिवसभर शाळेत असायच्या. संध्याकाळी एकत्र आल्या तरी त्यांचं बोलणं शाळेचं, कोणी कुणाचा डबा सांडला, कोणत्या बाई रागावल्या. सुजाता कडेला उभी राहून ऐकायची. तिला हसायचं कधी ते कळायचं नाही, म्हणून ती सगळ्यांच्या नंतर हसायची.

एका दुपारी मी ब्लाउज टाकायला गेले होते. मशीन चालू होतं. आतल्या खोलीत सुजाता हजेरी घेत होती. एकटीच. पुस्तकातली नावं एकेक पुकारायची आणि वेगवेगळ्या आवाजात उत्तर द्यायची.

"मीना?"

"हजर, मॅडम!"

"सलमा?"

"हजर!"

"जॉन?" इथं तिनं आवाज जाड केला. "हजर बाई!"

मला हसू आलं. मग तिनं पुकारलं, "सुजाता प्रकाश?"

कोणी उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं. मग बाईंच्या आवाजात, अगदी सहज, जसं बाई रोज म्हणत असाव्यात तसं म्हणाली, "गैरहजर."

मशीन थांबलं होतं. ताईचा पाय पायडलवर होता, हात कापडावर होता. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "ब्लाउज ठेव तिथं," म्हणाली, "माप मागचंच ना?"

जूनमध्ये ती सुजाताला घेऊन सेनगावला गेली. गावच्या शाळेत घालणं तिला शक्य नव्हतं, तेवढा ताठा तिनं राखला. मलाही सोबत नेलं. शाळेची पायरी मात्र ती चढली नाही. व्हरांड्याखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू जा आत तिच्यासंगं. शब्द दिलेला हाय म्या."

"कुणाला, ताई?"

"मला."

मुख्याध्यापिका प्रेमळ होत्या. सुजाताला पाचवीच्या वर्गात फळ्याजवळ उभं केलं, वाचायला दिलं. तिनं असं वाचलं की पोरी माना वर करून ऐकू लागल्या. बाई खूश झाल्या. "व्वा! आता एखादी गोष्ट सांग बरं, तुझ्या मनानं."

सुजातानं कोल्हिणीची गोष्ट सांगितली. हातवारे करून, ताईच्याच ढबीनं. पूर आला. पिल्लं उंचवट्यावर चढली. पाणी चढत गेलं. आणि ती थांबली. अदबीनं हात बांधून उभी राहिली, झालं म्हणून.

"पुढं?" बाईंनी विचारलं.

"पुढं आईचं पान हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे कोरं."

"अगं, पण पिल्लांचं काय झालं? बुडाली की वाचली?"

सुजातानं बाईंकडं पाहिलं. तिला हा प्रश्न कळत होता, पण असा प्रश्न गोष्टीला विचारतात हे तिला माहीत नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग वर्गभर हसू पसरलं. पोरींच्या हसण्यात द्वेष नव्हता. त्या शाळेत सगळ्याच गोष्टींना शेवट होते, एवढंच.

खिडकीबाहेर, खाली मैदानातच ताई उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बाईंनी नाव दाखल केलं, "हळूहळू येईल सगळं," असं मला सांगितलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा ताई पायरीपाशी नव्हती. फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसली होती, सुजाताचा डबा मांडीवर घेऊन. "घेतलं का?" तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले. जीपमध्ये तिनं सुजाताला विचारलं, "हसल्या का गं तुला?"

"व्हय."

"मग?"

"मग म्या बी हसले," पोरगी म्हणाली. "ह्या वेळी बराबर हसले."

त्यानंतर ताई बदलली असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती तीच होती, पण तिच्या बाजूनं कुणी उरलं नव्हतं, मुलगीसुद्धा. सुजाताला मैत्रिणी मिळाल्या. तिला इतरांसारखं दप्तर हवं होतं, इतरांसारखी पुस्तकं हवी होती, आणि तो तिचा हक्क होता. मी वादविवादात जिंकायला शिकलेली मुलगी आहे. पण यात कुणाच्या बाजूनं बोलायचं ते मला आजही ठरवता येत नाही. शाळा चूक होती. ताई खरी होती. आणि पोरगी कोऱ्या पानावर हात फिरवत मोठी होत होती. तिन्ही गोष्टी एकाच घरात खऱ्या होत्या.

गेल्या वर्षी प्रकाशनं जीप विकली आणि तिघं पुण्याकडं गेली, तो कुणाची तरी गाडी चालवतो म्हणे. त्यांच्या दाराला कुलूप आहे. जाण्याच्या काही दिवस आधी मी शेवटची गेले होते.

दार उघडं होतं. ताई खालीच बसून बचत गटाकडून आलेले शाळेचे गणवेश शिवत होती. मशीन आधीच बांधून ठेवलं होतं, म्हणून हातानं बटणं लावत होती. समोर सुजाता, डोळे मिटून, पुढंमागं झुलत निबंध पाठ करत होती. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला, सगळ्या वर्गाला एकच. 'माझी शाळा.'

"माझी शाळा मला फार आवडते. माझ्या शाळेची इमारत भव्य आहे. शाळेसमोर सुंदर बाग आहे."

त्या शाळेसमोर बाग नाही. मी पाहिली आहे ती जागा, तिथं रसवंतीचं चिपाड पडलेलं असतं. मी ताईच्या ओठांकडं पाहिलं. ओठात एकही टाचणी नव्हती.

"आमचे शिक्षक प्रेमळ आहेत. आमच्या शाळेत... आमच्या शाळेत..." सुजाता अडली. कपाळावर मूठ मारली. "आई, पुढं काय गं? उद्या म्हनून दावायचं हाय."

ताईनं दोरा दातानं तोडला. वही तिच्या मांडीजवळ उघडी होती, पण तिनं वहीत पाहिलं नाही. इतक्या वेळा ऐकून तिचंही पाठ झालं असावं.

"आमच्या शाळेत सर्वांना समान वागवले जाते," ती म्हणाली.

"हां! आमच्या शाळेत सर्वांना समान वागवले जाते."

"म्हन आता," ताई म्हणाली, आणि पुढचा सदरा उचलला. "पहिल्यापासून म्हन. मधी थांबू नको."